जाडी वजा

मांजलपूरच्या टाकीखाली, पंपाच्या खोलीत,
रात्रीचे सव्वा अकरा.
स्टुलावर लॅपटॉप. भिंतीवर सत्त्याऐंशी सालचं
व्हॉल्व्ह उघडण्याचं वेळापत्रक, गुजरातीत टंकलेलं,
समासात कुणीतरी पेन्सिलीने केलेली
मराठी बेरीज.

वर टाकीत नवे सेन्सर बसलेत.
त्यांना नवाच पत्ता कळतो, लांबलचक,
मधली शून्यं गिळून
त्या जागी लागोपाठ दोन विसर्ग.
धरणाच्या बातमीत विसर्ग म्हणजे सोडलेलं पाणी,
इथे गिळलेलं शून्य.
एका पत्त्यात एकदाच गिळायची मुभा,
दोनदा गिळलं तर कुठे किती गेली
कोणालाच सांगता येत नाही.

रावपुऱ्याच्या कचेरीतलं यंत्रही नवं,
तेही हेच बोलतं.
मधली लाइन मात्र जुनी:
चार आकडे, तीन टिंबं, पुढचं तिला वाचता येत नाही.
म्हणून बोगदा.
नवं पाकीट जुन्या पाकिटात सारायचं,
वर जुन्या वळणाचा पत्ता,
वाटेत कोणी फोडत नाही,
पलीकडे पोचल्यावर वरचं टरकावून फेकायचं.
बोगदा म्हणतात, पण खणत कोणीच नाही.

हाक दिली. ओ आली, अठ्ठावीस मिलिसेकंदांत.
पुन्हा दिली. आली.
मग दिवसभराच्या पातळीचा तक्ता मागितला
आणि पडद्यावरचं चाक फिरत बसलं.
लहान जातं, मोठं अडतं,
अडल्याचा निरोपही मागे येत नाही,
कारण वाटेतल्या कुठल्या तरी पहारेकऱ्याने
निरोप्यांनाच बंदी केलेली.
साडेबारा. पंखा खटखट.
मी केबल बदलली, उगाच.

दारात मुळीकमामा, हातात व्हॉल्व्हची चावी,
टी आकाराची, त्यांच्या खांद्याला लागणारी.
एकतीस वर्षं हा माणूस पाणी आंट्यांनी मोजतो:
साडेबावीस, मग थांबायचं.
"शुं अडलं, बेन?"

सांगितलं, जमेल तसं.
ते चावी भिंतीला टेकवून खाली बसले.
"आम्ही पण घातलेला एकदा, जुन्यात नवा.
बिडाची लाइन गळायची, रस्ता खोदू देत नव्हते,
तर काळा प्लास्टिकचा आतनं सरकवला, अख्खा.
आणि साहेब हिशेब करतोय
जुन्याच व्यासाचा!
म्हणतो, पाणी कमी का येतं?
मी म्हटलं, साहेब, जाडी वजा करायची ने."

जाडी वजा.
पंधराशेतून वीस:
जुन्या कवचाला लागतात तेवढे बाइट,
आणि मी भरत होते पाकीट काठोकाठ.
या टोकाला चौदाशे ऐंशी लिहिलं,
त्या टोकालाही.

तक्ता आला. सकाळी सहापासूनची एकेक ओळ,
दुपारचा उतार, संध्याकाळी आजव्याकडून आलेली भर,
शेवटी: तीन मीटर वीस.

मामांनी चष्मा लावून आकडा वाचला,
काही न बोलता कोपऱ्यातली लांब काठी उचलली
आणि शिडी चढले.
बराच वेळ नुसता पंखा.
मग वरून आवाज: "तीन अठरा!"

वहीत मी दोन्ही लिहिले.

खाली आले तेव्हा काठी अजून गळत होती.
विचारलं, "तो जुना बिडाचा, मग काढला कधी?"
"कसा काढणार?
नवा त्याच्यातच निजलाय ने."

बोगद्याच्या फाइलीत पहिल्या ओळीवर
मी शेरा टाकला: तात्पुरतं. पुढे तारीख.
आणि सहज भिंतीकडे पाहिलं तर
वेळापत्रकाच्या डोक्यावर, तांबूस पडलेल्या शाईत,
कामचलाऊ.

"जरा धरा," मामा म्हणाले, "कुलूप लावतो."
चावी माझ्या हातात आली.
दोन्ही हात लागले.